समोर बसलं की धार कुठे जाते?

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची बरीच पत्रं निघाली. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. तंत्रज्ञानावर लिहिणारे-बोलणारे चार-पाच जण मी गेली काही वर्षं नेमाने वाचतो, ऐकतो. कंपनीचं काही चुकलं की लेखात ते अक्षरशः सालटी काढतात. पण त्याच कंपनीचा वरिष्ठ अधिकारी थेट कार्यक्रमात समोर येऊन बसला, की हेच लोक नव्या जावयाशी बोलावं तसे बोलू लागतात. ‘ही कल्पना सुचली कशी?’, ‘टीमला किती अभिमान वाटत असेल!’ असले प्रश्न. चुकून अवघड प्रश्न आलाच, तर उत्तर काहीही येवो, पुढचा प्रश्न तयार. ही मंडळी विकली गेली आहेत का? स्पष्ट सांगा.

उत्तर : विकली गेलेली नाहीत. विकत घ्यायला पैसे लागतात, आणि ते खर्च करायची कंपनीवर वेळच येत नाही. कशी, ते माझ्याच फजितीवरून सांगते.

रेडिओ सोडल्यावर काही वर्षं मी मंचावरच्या मुलाखती घेत असे. एकदा समोर होते एका ॲपवाल्या कंपनीचे प्रमुख. त्यांच्या ॲपची वर्गणी बंद करणं म्हणजे दिव्य होतं. मी स्वतः करून पाहिलं होतं, मोजलं होतं. सात स्क्रीन ओलांडल्यावर ‘रद्द करा’ हे बटण यायचं, तेही फिकट करड्या अक्षरांत. शेजारी ठसठशीत हिरव्यात ‘थांबा, तुमच्यासाठी खास सवलत!’ एवढं करूनही माझ्या खात्यातून पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच. हा प्रश्न मी कार्डावर लाल शाईने लिहून नेला होता.

ग्रीन रूममध्ये कंपनीच्या जनसंपर्क विभागातल्या बाई भेटल्या. इतक्या गोड की काय सांगू. माझा रेडिओवरचा कार्यक्रम त्यांची आई न चुकता ऐकायची म्हणे. माझ्या पदराला माइक लावून होत होता तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “तो रद्द करण्याचा विषय सर घेणारच आहेत हं. फक्त शेवटाकडे घेऊ या का?” मी म्हटलं, “हो, चालेल की.” मुलाखत तिथेच संपली. मंचावर जायचं फक्त बाकी होतं.

मंचाच्या कडेला, प्रेक्षकांना न दिसेल असा, एक छोटा स्क्रीन ठेवलेला असतो. त्यावर वेळ उलटी पळत असते. चार मिनिटं दहा सेकंद उरली असताना मी विचारलं, “वर्गणी बंद करायला सात स्क्रीन का लागतात?” साहेब माझ्याकडे वळले, हसले. “फार सुंदर प्रश्न. कुणीतरी हे विचारावं असं मला वाटतच होतं.” आणि त्यांनी आपल्या पहिल्या ग्राहकाची गोष्ट सुरू केली. निवृत्त शिक्षिका, थरथरत्या अक्षरातलं पत्र, ते पत्र अजून साहेबांच्या टेबलावर. टाळ्या. स्क्रीनवर एक मिनिट पन्नास. आणि मी काय म्हणावं? “वा! फारच हृद्य. जाता जाता, तरुणांना काय सांगाल?”

नंतर ध्वनिमुद्रण पेन्सिल घेऊन ऐकलं. अर्ध्या तासात माझं ‘अगदी’ १४ वेळा, ‘वा’ ६ वेळा, उपप्रश्न शून्य. मला कुणी दमडी दिली नव्हती. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती अशी.

लिहिताना समोर कंपनी असते, बोलताना माणूस असतो. त्याने दहा मिनिटांपूर्वी तुमच्या मुलीची चौकशी केलेली असते. लेखात एकच मुद्दा चार बाजूंनी घासता येतो. मंचावर तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की सभागृह चुळबुळतं, तिसऱ्यांदा विचारला की तुम्हीच उद्धट ठरता. आणि सभागृहात बसलेले कोण असतात? त्या कंपनीचं सामान हौसेने घेणारे. १९९७ साली बीबीसीवर जेरेमी पॅक्समन यांनी मायकल हॉवर्ड यांना एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला होता, त्याचे दाखले लोक अजून देतात. पण तो स्टुडिओ होता, टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, आणि समोर राजकारणी होता, ज्याला मतांसाठी पुन्हा कॅमेऱ्यापुढे येणं भाग असतं. कंपनीच्या अधिकाऱ्याला तशी काही गरज नसते.

बरं, सगळेच थेट मुलाखतकार मवाळ असतात असंही नाही. जून २०१० मध्ये ‘डी८’ या तंत्रज्ञान परिषदेत पत्रकार कारा स्विशर आणि वॉल्ट मॉसबर्ग यांनी मार्क झुकरबर्ग यांना फेसबुकवरच्या खासगी माहितीवरून चांगलंच धरलं होतं. झुकरबर्ग एवढे घामाघूम झाले की स्विशर यांनीच विचारलं, हुडी काढायची आहे का? काढली, तर आतल्या बाजूला एक गूढ चिन्ह छापलेलं निघालं. आज त्या मुलाखतीतलं लोकांना काय आठवतं? घाम, हुडी आणि ते चिन्ह. खासगीपणाबद्दल ते नेमकं काय म्हणाले, हे कुणाला तरी विचारून पाहा.

आता तुमच्या मनातला खरा संशय. गोड बोललं तरच पुन्हा भेट मिळते, म्हणून हे गोड बोलतात. अर्धं खरं आहे. जॉन ग्रूबर हे ॲपलवर लिहिणाऱ्यांमधलं जुनं नाव. ॲपलच्या जूनमधल्या वार्षिक परिषदेच्या आठवड्यात ते आपला पॉडकास्ट प्रेक्षकांसमोर करतात, आणि २०१५ पासून ॲपलचे वरिष्ठ अधिकारी तिथे पाहुणे म्हणून येत. जून २०२४ मध्ये ॲपलने सिरी या आपल्या बोलक्या मदतनिसाची नवी, हुशार आवृत्ती दाखवली आणि मार्च २०२५ मध्ये ती लांबणीवर टाकली. ग्रूबर यांनी त्यावर जळजळीत लेख लिहिला. जे दाखवलं ते बाहेरच्या कुणीही प्रत्यक्ष चालताना पाहिलेलं नव्हतं, आणि हे आपल्याला तेव्हाच खटकायला हवं होतं, म्हणून त्यात त्यांनी स्वतःलाही फटके मारले. त्या जूनमध्ये ॲपलचं कुणीही त्यांच्या मंचावर आलं नाही. लेखामुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तारखा शेजारी शेजारी आहेत, एवढंच.

पण गंमत पुढेच आहे. मोकळ्या झालेल्या खुर्च्यांवर ग्रूबर यांनी बसवलं ‘द व्हर्ज’ या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाचे निलय पटेल आणि तेव्हा ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये असलेल्या जोआना स्टर्न यांना. आणि याच स्टर्न यांना त्याच आठवड्यात ॲपलचे वरिष्ठ अधिकारी क्रेग फेडरिगी आणि ग्रेग जॉसविआक कॅमेऱ्यासमोर मिळाले होते. त्यांनी विचारलं काय? सिरीचं झालं काय, हेच! म्हणजे अवघड प्रश्नाला ॲपल घाबरलं असं म्हणता येत नाही. तो प्रश्न कुठे घ्यायचा, हे त्यांनी ठरवलं. हजार माणसांसमोर थेट घेण्यापेक्षा ध्वनिचित्रमुद्रण होऊन, संपादन होऊन जाणारी मुलाखत परवडते. शिवाय मोठ्या दैनिकाला नाही म्हणणं महागात पडतं. ज्याच्यामागे तेवढं वजन नाही, त्याला वजनाची भरपाई गोडव्याने करावी लागते. समालोचक मवाळ का वाटतो, याचं हे एक कारण. दुसरं त्याहून साधं आहे. त्याला ती वस्तू मनापासून आवडते. ज्या आवडीवर पोट चालतं, ती आवड घडवणारा माणूस समोर बसला की जीभ आपोआप जड होते.

प्रश्न : मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात एका सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकाऱ्याची थेट मुलाखत मला घ्यायची आहे. मी मवाळ वाटू नये म्हणून पहिल्यापासून आक्रमक राहू का?

उत्तर : अजिबात नको गं. आवाज चढवला म्हणजे प्रश्न कठीण होत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये बीबीसीच्या वार्ताहराने इलॉन मस्क यांची ऐन वेळी ठरलेली मुलाखत घेतली, थेट ट्विटरवर. प्रश्न योग्य होता, ट्विटरवर द्वेषाचा मजकूर वाढलाय का? वार्ताहर म्हणाला, मला स्वतःला तो जास्त दिसतो. मस्क म्हणाले, एक उदाहरण सांग. त्याच्याकडे एकही उदाहरण तयार नव्हतं. ट्विटर आपोआप समोर ठेवतं ते फीड आपण गेले तीन-चार आठवडे पाहतच नाही, असंही तो बोलून गेला. संपलं. त्या क्षणापासून मुलाखत मस्क घेऊ लागले. मुद्दा खरा की खोटा, हा प्रश्नच मागे पडला. त्या वार्ताहराला मी हसत नाही, माझी ‘अगदी’ची यादी वर दिलीच आहे. पण तू कार्डावर प्रश्नाखाली उदाहरण लिहून ने. तारीख, ठिकाण, स्क्रीनवर काय दिसलं ते. एक पुरे.

आता उलटा दाखला. मार्च २०२४ मध्ये जोआना स्टर्न यांनी चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या तेव्हाच्या तंत्रप्रमुख मीरा मुराती यांना विचारलं, सोरा हे व्हिडिओ बनवणारं मॉडेल कोणत्या सामग्रीवर शिकवलं? उत्तर आलं, सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेल्या आणि परवाना घेतलेल्या. इथे माझ्यासारखी ‘वा’ म्हणून पुढे गेली असती. स्टर्न यांनी शांतपणे विचारलं, म्हणजे यूट्यूबवरचे व्हिडिओ? मुराती यांचा चेहरा बदलला. त्याबद्दल आपल्याला खात्री नाही, असं त्या म्हणाल्या. मग फेसबुक, इन्स्टाग्राम? ही मुलाखत थेट नव्हती, पण कसब तेच. स्टर्न यांचा आवाज तसूभरही चढला नव्हता. ढोबळ उत्तर त्यांनी एकेका नावावर आणून ठेवलं. ‘सार्वजनिक’ या शब्दात लपता येतं, ‘यूट्यूब’मध्ये लपायला जागा नाही. उपप्रश्न म्हणजे हेच. उत्तरातला सर्वांत पसरट शब्द उचलायचा आणि विचारायचं, म्हणजे नेमकं काय?

आणखी एक सांगते, कारण हा किस्सा मला फार आवडतो. एप्रिल २०२२, ब्लूमबर्गचा ‘ऑड लॉट्स’ पॉडकास्ट. पाहुणे एफटीएक्स या क्रिप्टो बाजाराचे सॅम बँकमन-फ्रीड, तेव्हा सगळ्यांच्या गळ्यातले ताईत. स्तंभलेखक मॅट लेव्हिन यांनी विद्यार्थ्यासारखं विचारलं, क्रिप्टोवर परतावा कमावायची ही ‘यील्ड फार्मिंग’ म्हणतात ती चालते कशी? बँकमन-फ्रीड रंगात आले. समजा, एक खोका आहे. तो काहीच करत नाही. पण लोक त्यात पैसे टाकतात, टाकतात म्हणून त्याच्या टोकनला, म्हणजे डिजिटल नाण्याला, भाव येतो, भाव येतो म्हणून आणखी लोक टाकतात. लेव्हिन म्हणाले, मी स्वतःला बऱ्यापैकी शंकेखोर समजतो, पण हे माझ्याहून पुढचं झालं. तुम्ही तर सरळ म्हणताय की मी पाँझीच्या धंद्यात आहे आणि धंदा बरा चाललाय! (पाँझी म्हणजे नव्या लोकांच्या पैशांतून जुन्यांना परतावा देणारी फसवी योजना.) त्यावर पाहुण्यांनी हे म्हणणं उडवून लावलं नाही, त्यात तथ्य असल्याचं मान्य केलं. नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स दिवाळखोरीत गेली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला पत्रकार अँड्र्यू रॉस सॉर्किन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या डीलबुक परिषदेत बँकमन-फ्रीड यांना व्हिडिओवर घेतलं. प्रश्न थेट बुडालेल्या पैशांवरचे होते, आणि शेवटी सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पुढे मार्च २०२४ मध्ये बँकमन-फ्रीड यांना २५ वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही मुलाखती ऐक. धंद्याचा गाभा कुठे उघडा पडला, ते तुझं तूच ठरव. माझं मत खोक्याच्या बाजूने.

असाच आणखी एक छोटा प्रकार. जुलै २०२४ मध्ये माउस-कीबोर्ड बनवणाऱ्या लॉजिटेकच्या प्रमुख हॅनेके फेबर निलय पटेल यांच्या पॉडकास्टवर ‘कायमचा माउस’ या कल्पनेबद्दल कौतुकाने बोलत होत्या. घड्याळ जसं आपण टाकून देत नाही तसा माउस. पटेल यांनी विचारलं, मग त्याची वर्गणी भरायची का? शक्य आहे, असं त्या म्हणाल्या. जगभर बोंबाबोंब झाली. असं कुठलंही उत्पादन योजनेत नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला. मूळ प्रश्न किती साधा, बघ.

तर तुझ्यासाठी दोनच गोष्टी. ग्रीन रूममध्ये कशालाही ‘चालेल’ म्हणू नकोस. आणि अवघड प्रश्न घड्याळात वीस मिनिटं असताना विचार, चार असताना नाही. वीस मिनिटं पहिल्या ग्राहकाची गोष्ट कुणालाच सांगता येत नाही.

हो, आणि विचारून झाल्यावर गप्प बस. हे सगळ्यांत जड जातं. तीन सेकंदांची शांतता मंचावर तीन मिनिटांसारखी वाटते, आणि आपणच घाबरून प्रश्नाला पर्याय जोडतो, ‘म्हणजे तांत्रिक अडचण होती, की…?’ झालं, आपणच त्यांना उत्तर पुरवलं. त्यांनी फक्त ‘हो, तांत्रिकच’ म्हणायचं राहतं.

प्रश्न : मी एका कंपनीच्या जनसंपर्क विभागात आहे. तुम्ही लोक आम्हाला नेहमी खलनायक करता. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याने काय बोलावं यावर कायद्याची बंधनं असतात, हे वाचकांना कधी सांगणार?

उत्तर : आत्ताच सांगते. अमेरिकेत ‘रेग्युलेशन एफडी’ नावाचा नियम २००० सालापासून आहे. शेअरच्या भावावर परिणाम करील अशी माहिती निवडक लोकांच्या कानात सांगायची नाही, सांगायची तर सगळ्यांना एकदम. जुलै २०१२ मध्ये नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपल्या फेसबुक पानावर लिहिलं की महिन्याभरात ग्राहकांनी १ अब्ज तासांहून जास्त पाहिलं. तेवढ्यावरून बाजार नियामकाने चौकशी लावली. कारवाई झाली नाही. समाजमाध्यमावर जाहीर करायला हरकत नाही, पण कुठे जाहीर करणार हे गुंतवणूकदारांना आधी कळवा, असं एप्रिल २०१३ मध्ये नियामकाने स्पष्ट केलं. म्हणजे तिमाहीचा आकडा किंवा न आलेलं उत्पादन यावर अधिकारी तोंड मिटून बसला, तर तो दरवेळी टोलवाटोलवीच करतोय असं नाही. मान्य.

पण बटण करडं का आहे, यावर बोलायला कुठला नियम आड येतो, हे मला त्या दिवशी ग्रीन रूममध्ये कुणी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत असेल तर जरूर लिहा. छापीन.

प्रश्न : आणि समोरचा उठूनच गेला तर?

उत्तर : जाऊ द्या. एप्रिल २०११ मध्ये बीबीसीच्या रोरी केलन-जोन्स यांनी ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कंपनीचे तेव्हाचे सहप्रमुख माइक लाझारिडिस यांना विचारलं, भारत आणि आखाती देशांच्या सरकारांशी सुरक्षेवरून जो वाद चाललाय तो मिटला का? लाझारिडिस म्हणाले, हा प्रश्न न्याय्य नाही, आणि मुलाखत बंद करायला सांगितलं. बीबीसीने ते जसंच्या तसं दाखवलं. मुलाखतीतला बाकीचा भाग आज शोधूनही कुणी बघत नसेल.

प्रश्न : थेट कार्यक्रमात कंपनीच्या अधिकाऱ्याला विचारलेला तुमचा सर्वांत आवडता प्रश्न कोणता?

उत्तर : तो मंचावरून विचारलाच गेला नाही. सप्टेंबर २०२२, कोड परिषद. मंचावर मुलाखत घेणाऱ्या कारा स्विशर, ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक, तिथले पूर्वीचे डिझाइनप्रमुख जोनी आइव्ह आणि स्टीव्ह जॉब्ज यांच्या पत्नी लॉरीन पॉवेल जॉब्ज, सगळी मोठी मंडळी. शेवटी प्रेक्षकांतल्या एकाने आयफोन आणि अँड्रॉइडमधल्या संदेशांबद्दल विचारलं. आरसीएस ही नवी पद्धत ॲपल का घेत नाही? कुक म्हणाले, आमचे ग्राहक यावर फार शक्ती खर्च करा असं सांगत नाहीत. तो माणूस थांबला नाही. म्हणाला, मला आईला काही व्हिडिओ पाठवता येत नाहीत. कुक म्हणाले, आईला आयफोन घेऊन द्या.

सभागृह हसलं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला. त्या तक्रारीत हा प्रश्न आणि हे उत्तर शब्दशः उतरवलेलं आहे. हसू तेवढं वगळलंय.